हेलीची टेल परत परत हलते? गेन कमी करायच्या आधी पुशरॉड काढून बघा

आरसी म्हणजे रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक हेली (हेलिकॉप्टर) उडवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रॉब्लेम कधी ना कधी येतोच. हॉवर करताना (हवेत एका जागी धरताना) टेल डावी-उजवी हलायला लागते (यालाच वॅग म्हणतात), गायरोचा (टेल स्थिर धरणाऱ्या सेन्सरचा) गेन, म्हणजे तो टेल किती जोरात दुरुस्त करतो ते सेटिंग, थोडा कमी केला की थांबते, मग काही फ्लाइट झाल्या की परत सुरू, परत गेन कमी, असं करत करत गेन इतका खाली येतो की जरा वारा सुटला किंवा कलेक्टिव्ह (मेन ब्लेडचा कोन एकत्र बदलणारा कंट्रोल) जोरात दिला की टेल धरतच नाही. मग लोक म्हणतात गायरो खराब आहे, नवीन एफबीएल युनिट (गायरोसकट हेली स्थिर ठेवणारा इलेक्ट्रॉनिक बॉक्स) घेतात, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच.

माझं म्हणणं एकच आहे, जी वॅग गेन कमी केल्यावर जाते आणि काही दिवसांनी परत येते ती बहुतेक वेळा गेनची नसतेच, ती टेलच्या मेकॅनिझममधल्या घर्षणाची किंवा ढिलाईची असते. गेन कमी करून तुम्ही ती फक्त झाकता, आत झीज चालूच राहते. म्हणून गेनला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

पण आधी सेफ्टी, आणि हा भाग वगळून पुढे जाऊ नका. ४५० साइजची हेली छोटी वाटते पण तिच्या रोटरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर असतो आणि हेडस्पीड (मेन रोटरचा वेग) २८०० आरपीएम धरला तर ब्लेडच्या टोकाचा वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास जातो, टेल रोटर तर मेनच्या चौपटीहून जास्त वेगाने फिरतो म्हणजे ११,००० आरपीएमच्या वर. हे बोट सहज तोडू शकतं. त्यामुळे टेबलावर काम करताना मोटरच्या वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटपासून) सोडवायच्या (सुटी टोकं एकमेकांना लागू देऊ नका), किंवा मोटरचे स्क्रू सैल करून पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) मेन गिअरपासून लांब सरकवायचा, आणि मेन ब्लेड, टेल ब्लेड दोन्ही काढून ठेवायचे. बीईसीमुळे (ईएससीतून मिळणाऱ्या कमी व्होल्टेजच्या सप्लायमुळे) रिसीव्हर, सर्व्हो (टेल आणि ब्लेडचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटर), गायरो सगळं चालू राहतं, फक्त मोटर फिरत नाही. थ्रॉटल होल्ड स्विच (मोटर बंद ठेवणारा) लावलेला असला तरी हे करायचंच, कारण कोपर लागून स्विच पडायला, चुकीचं मॉडेल सिलेक्ट व्हायला वेळ लागत नाही.

आता टेल नक्की कशी हलतेय ते नीट बघा, कारण हलण्याच्या चालीवरून निम्मं निदान होतं. भराभर, सेकंदाला अनेक वेळा, थरथरल्यासारखी हलत असेल तर गेन खरंच जास्त आहे किंवा कुठूनतरी व्हायब्रेशन येतंय. सावकाश, सेकंदाला एक-दोनदा डोलल्यासारखी जात असेल तर घर्षण, ढिलाई, मंद सर्व्हो यांच्याकडे बघा. मधेच एकदम एका बाजूला झटका मारून परत येत असेल तर बेल्ट घसरतोय किंवा इलेक्ट्रिकल गडबड आहे. आणि फक्त कलेक्टिव्ह जोरात दिल्यावरच एका बाजूला वाहवत जात असेल तर त्याला वॅग म्हणतच नाहीत, तिथे टेलची ताकद कमी पडतेय, म्हणजे हेडस्पीड कमी आहे, टेलचा पिच (ब्लेडचा कोन) पुरेसा जात नाही किंवा बेल्ट ढिला आहे.

सगळ्यात जास्त वेळा जी गोष्ट सापडते ती पुशरॉड, म्हणजे सर्व्होपासून टेलपर्यंत जाणारी दांडी. टेस्ट अगदी सोपी आहे. सर्व्हो हॉर्नवरची (सर्व्होच्या फिरणाऱ्या हातावरची) बॉल लिंक काढा आणि पुशरॉड दोन बोटांत हलका धरून पुढे-मागे सरकवा. स्लायडर (टेल शाफ्टवर सरकून टेल ब्लेडचा पिच बदलणारा भाग) या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा सरकला पाहिजे, कुठेही अडकायला नको. मग हेली नाक वर करून उभी धरा, परत नाक खाली करून धरा, चांगल्या सेटअपमध्ये पुशरॉड आणि स्लायडर नुसत्या स्वतःच्या वजनाने किंवा बोटाच्या अगदी हलक्या टिचकीने सरकतात. तुम्हाला ढकलावं लागत असेल, किंवा मधे एका जागी क्षणभर थांबून मग 'टक्' करून पुढे जात असेल तर तुमची वॅग तिथेच आहे. कारण काय होतं बघा, गायरो सर्व्होला अगदी बारीक हालचाल सांगतो, सर्व्हो ढकलतो पण घर्षणामुळे स्लायडर जागचा हलत नाही, तोपर्यंत टेल अजून थोडी सरकते, गायरो अजून जोर लावायला सांगतो, मग घर्षण एकदम सुटतं आणि स्लायडर गरजेपेक्षा जास्त पुढे जातो, टेल पलीकडे जाते, आता गायरो उलटं सांगतो, आणि हेच चक्र चालू राहतं. गेन कमी केला की चक्र मंद होतं एवढंच, घर्षण काही जात नाही.

अडकतंय ते कळलं की एकेक भाग सुटा करून शोधायचं. पहिल्यांदा बूमवरचे (टेलपर्यंत जाणाऱ्या लांब नळीवरचे) पुशरॉड गाइड, हे फिरून वाकडे बसले की रॉड त्यात घासतो, त्यांना सैल करून रॉड सरळ रेषेत येईल असं फिरवा आणि मग घट्ट करा. मग बॉल लिंक, नवीन लिंक बऱ्याचदा बॉलवर फार घट्ट असतात, त्यांना लिंक रीमरने किंचित मोकळं करायचं, किंवा लिंक बॉलवर असतानाच प्लायरने बाहेरून हलकेच दाबायचं, एकदा दाबून फिरवून बघायचं, परत दाबायचं, कारण जास्त झालं तर लिंक ढिली होते आणि मग ती बदलायलाच लागते. बऱ्याच लिंकवर एका बाजूला अक्षर किंवा खूण असते, ती बाजू बाहेर ठेवून बसवायची असते, उलटी बसवली की घट्ट जाते. त्यानंतर बेलक्रँकचा (पुशरॉडची हालचाल स्लायडरला देणाऱ्या लिव्हरचा) स्क्रू, तो पूर्ण आवळला तर बेलक्रँक जाम होतो. आणि शेवटी टेल शाफ्टवर स्लायडर चालतो तो भाग, तिथे धूळ आणि जुनं तेल मिळून काळा चिकट थर बसतो, कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून शाफ्ट पुसून घ्या आणि अगदी पातळ तेलाचा एक थेंब द्या, जास्त नको, जास्त तेल म्हणजे परत जास्त धूळ.

ढिलाईची टेस्ट उलटी. लिंक परत सर्व्होला लावा, पॉवर द्या म्हणजे सर्व्हो जागा धरून राहील, आणि टेल ग्रिप (टेल ब्लेड धरणारा भाग) बोटात धरून पिच बदलायचा प्रयत्न करा. थोडासा हलणारच, पण दोन्ही ग्रिप एकमेकींपेक्षा वेगवेगळ्या हलत असतील किंवा स्लायडर शाफ्टवर वरखाली डुलत असेल तर झिजलेला भाग बदला. तेवढ्या मोकळ्या जागेत टेलवर गायरोचा काही ताबाच नसतो, तिथे कुठलंही सेटिंग चालत नाही. सर्व्हो बूमवर बसवलेला असेल तर त्याचा ब्रॅकेटही हलवून बघा, बूमवर तो जरा जरी सरकत असेल तर टेलचा सेंटर दर फ्लाइटला बदलणार.

मग टेल ग्रिपच्या आतलं थ्रस्ट बेअरिंग, इथे बहुतेकांचं लक्ष जात नाही. टेल ब्लेड फिरताना ग्रिप बाहेरच्या बाजूला प्रचंड ओढली जाते आणि तो सगळा ताण हे छोटं बेअरिंग घेतं. त्याच्या दोन चकत्या दिसायला सारख्या असतात पण एकीचं भोक किंचित मोठं असतं, ती चकती आतल्या बाजूला म्हणजे हबकडे आणि छोट्या भोकाची बाहेर बोल्टकडे. अदलाबदल झाली तर हातात सगळं मोकळं वाटतं, टेबलावर पुशरॉड टेस्टही पास होते, पण वेग आला की ग्रिप जड होते आणि वॅग फक्त हवेतच दिसते. म्हणून बाकी सगळं ठीक असूनही वॅग जात नसेल तर ग्रिप उघडा, चकत्या काढून उजेडात तिरक्या धरा, गोळ्या जिथे फिरतात त्या वर्तुळावर बोटाच्या नखाला लागतील असे खड्डे दिसले तर बेअरिंग संपलं. चांगलं असेल तर पुसून, ग्रीस भरून परत बसवा, कोरडं बसवू नका. मेन रोटरच्या ग्रिपमध्येही हाच नियम.

परत जोडताना थ्रेडलॉक विसरू नका. धातूचा स्क्रू धातूत जात असेल तिथे मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉक, आणि त्याआधी नवीन स्क्रूवरचं तेल अल्कोहोलने पुसलेलं पाहिजे नाहीतर तो धरत नाही. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र लावायचा नाही, काही प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊन तडकतात. थेंब स्क्रूच्या टोकाला लावा आणि जादा पुसून काढा, कारण तोच थेंब वाहत बेअरिंगमध्ये गेला की बेअरिंग जाम. फॅक्टरीत जोडून आलेल्या हेलीचाही प्रत्येक स्क्रू एकदा काढून, पुसून, थ्रेडलॉक लावून बसवावा असं माझं ठाम मत आहे, कारण टेल ग्रिपचा बोल्ट हवेत सुटला तर पुढे काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही.

टेल ब्लेडचे बोल्ट फार आवळू नका. ब्लेड वेगात स्वतःहून सरळ रेषेत यायला हवेत, जाम आवळले की एक ब्लेड जरा पुढे, एक मागे राहतो आणि त्याने थरथर येते. मेन ब्लेडचंही तसंच, हेली आडवी धरली तर ब्लेड आपणहून खाली पडायला नको पण हलका झटका दिला की पडायला हवा, इतपत.

बेल्टवाली टेल असेल तर ताण बघा. खूप ढिला बेल्ट दात सोडून उडी मारतो आणि तोच तो एकदम बसणारा झटका, खूप ताठ असेल तर मोटरवर लोड, बेअरिंग गरम, आणि बूममधून व्हायब्रेशन. मॅन्युअलमध्ये किती दबला पाहिजे ते दिलेलं असतं, आणि नवीन बेल्ट पहिल्या काही फ्लाइटमध्ये थोडा सैल पडतो म्हणून परत तपासायचा. अजून एक, कोरड्या हवेत बेल्ट प्लास्टिक पुलीवर घासून स्टॅटिक चार्ज तयार करतो, तो बूममधून इलेक्ट्रॉनिक्समध्ये उडी मारला की सर्व्हो क्षणभर वेड्यासारखा वागतो. कोरड्या दिवसात टेल झटके देते आणि दमट दिवसात नाही असं दिसलं तर बूम आणि मोटर माउंट एका बारीक वायरने जोडून टाका आणि बेल्टला थोडा सिलिकॉन स्प्रे द्या. बेल्टऐवजी टॉर्क ट्यूब (टेल फिरवणारा लांब शाफ्ट) असेल तर मधल्या बेअरिंगची रबर रिंग जागेवर आहे ना आणि ट्यूब हाताने फिरवली की बूममध्ये खडखड येत नाही ना, एवढं बघा.

आता सर्व्होकडे. हॉर्नवर बॉल किती अंतरावर लावलाय याला फार महत्त्व आहे. केंद्रापासून लांब लावला तर सर्व्होच्या थोड्याशा हालचालीत स्लायडर खूप सरकतो, म्हणजे गेन कितीही खाली आणा, टेल चिडचिडीच राहणार. फार जवळ लावला तर टेलला पूर्ण पिच मिळत नाही आणि वळण मंद होतं. मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये अंतर दिलेलं असतं ते पाळा, आणि एफबीएल युनिटच्या टेल लिमिटचे आकडे बघा, ते अगदी खाली आणावे लागले असतील तर बॉल एक भोक आत घ्या.

नवीन सर्व्हो लावत असाल तर त्याचा पल्स आधी तपासा. टेलचे काही सर्व्हो १५२० मायक्रोसेकंद सेंटरवर चालतात, काही ७६० वर. चुकीचं सेटिंग दिलं की सर्व्हो एका टोकाला जाऊन अडकतो आणि जळतो. फ्रिक्वेन्सीचंही तसंच, अॅनालॉग सर्व्होला ३३३ हर्ट्झ दिलं तर तो गरम होऊन जातोच. म्हणून पहिल्यांदा पॉवर देताना हॉर्न काढून ठेवायचा.

सेंटर लावताना गायरो रेट मोडमध्ये (फक्त फिरणं रोखणारा, दिशा लक्षात न ठेवणारा मोड) घ्या. हेडिंग होल्डमध्ये (ठरलेली दिशा धरून ठेवणारा मोड) टेबलावर स्टिक देऊन सोडली की स्लायडर सेंटरला परत येत नाही, हळूहळू टोकालाही सरकतो, आणि तो दोष नाही, हेली वळत नाहीये हे बघून गायरो जोर लावत राहतो म्हणून तसं होतं. रेट मोडमध्ये हॉर्न पुशरॉडशी ९० अंशात हवा. आणि काहीही उघडून जोडलं की दिशा तपासा, हेली हातात धरून नाक डावीकडे फिरवलं तर टेल सर्व्हो उजव्या रडर (टेल वळवणाऱ्या) स्टिकला जसा हलतो तसाच हलला पाहिजे. उलट हलला आणि तुम्ही उडवायला गेलात तर हेली जमिनीवरून उठताच गरगर फिरणार.

टेलमध्ये काहीच सापडलं नाही तर दोष टेलच्या बाहेर आहे. ईएससीचा गव्हर्नर (रोटरचा वेग एकसारखा ठेवणारं फंक्शन) हे एक कारण, गव्हर्नरचा गेन जास्त असला की मोटरचा वेग सतत वर-खाली होतो, वेग बदलला की मेन रोटरचा टॉर्क बदलतो आणि टेल त्याच्यामागे धावत राहते. कान देऊन ऐका, टेलच्या तालावर मोटरचा आवाजही वर-खाली होत असेल तर गव्हर्नर बंद करून सपाट थ्रॉटल कर्व्हवर (थ्रॉटल एकाच आकड्यावर धरून) एक हॉवर करून बघा. वॅग गेली तर टेल निर्दोष आहे. सोबत मेन गिअर आणि पिनियनमधलं अंतरही बघून घ्या, कागदाची पट्टी मधून फिरवली तर ती चुरगळून, न फाटता बाहेर आली पाहिजे, आणि पूर्ण गिअर फिरवून बघा कारण गिअर जरा वाकडा असेल तर एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल होतो.

दुसरं कारण व्हायब्रेशन. हॉवरमध्ये लांबून टेलच्या फिनकडे बघा, कड दोन-दोन दिसत असेल तर व्हायब्रेशन आहेच. बऱ्याच एफबीएल युनिटमध्ये व्हायब्रेशनची नोंदही मिळते. क्रॅश झालेल्या हेलीत मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट (मेन ब्लेडच्या दोन्ही ग्रिप जोडणारा) आणि टेल शाफ्ट तिन्ही बाहेर काढून सपाट काचेवर लोळवायचे, खाली उजेडाची फट उघडझाप करताना दिसली की शाफ्ट वाकलाय. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करू नका, बदला. ब्लेडची जोडी वजनाला सारखी आहे ना बघा, हलक्या ब्लेडला टेपचा तुकडा लावून बरोबरी करता येते. ब्लेडशिवाय मोटर चालवून व्हायब्रेशन शोधायचं असेल तर मेन आणि टेल दोन्ही ब्लेड आणि त्यांचे बोल्टसुद्धा ग्रिपमधून काढा, हेली घट्ट बांधा, कमी थ्रॉटल ठेवा आणि बाजूला लांब उभे राहा.

फ्लाइटच्या शेवटच्या मिनिटातच टेल सुटत असेल तर बॅटरीकडे बघा. जुन्या लिपो बॅटरीचं व्होल्टेज लोडवर पडतं, हेडस्पीड खाली येतो आणि टेलची ताकद वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. टायमर असा लावा की पॅकमधले ८० टक्केच वापरले जातील, म्हणजे २२०० एमएएचच्या पॅकमध्ये परत चार्ज करताना १७६० च्या वर जायला नको. चार्जिंग १सी वर (पॅकच्या क्षमतेइतक्या करंटवर), समोर बसून, पेट न घेणाऱ्या जागेवर, आणि काही दिवस उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर ठेवायचे. फुगलेला पॅक परत हेलीत घालू नका.

हे सगळं झालं की मग गेन. मोटर जोडा, फेलसेफ तपासा (ट्रान्समीटर बंद केला तर थ्रॉटल शून्यावर गेला पाहिजे, ही टेस्ट ब्लेड काढलेले असतानाच), मग ब्लेड लावा. मोकळं मैदान, माणसं लांब, तुम्ही स्वतः निदान ८-१० मीटरवर, डोळ्याला चष्मा. आधी हेली जमिनीवरच पूर्ण हेडस्पीडला आणून काही सेकंद ऐका, मग हॉवर, आणि गेन एकेक पाऊल वाढवत न्या, दर वेळी रडरची छोटी स्टिक देऊन एकदम सोडा. टेल थांबताना एक-दोनदा उसळली की तिथून थोडा खाली या. मेकॅनिझम मोकळा झालेला असला की गेन आधीपेक्षा बराच वर जातो आणि टेल तरी शांत राहते. आणि हेडस्पीड जितका जास्त तितका गेन कमी लागतो, म्हणून नॉर्मल आणि आयडल-अपसाठी (जास्त हेडस्पीडच्या मोडसाठी) एकच आकडा ठेवू नका, प्रत्येक मोडमध्ये वेगळा हॉवर करून वेगळा गेन लावा.